डॉक्टर वेलिनची रिकामी ओळ

डॉक्टर इदा वेलिन ही बाई कधी जन्मली नाही आणि कधी मेलीही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या गावातले लोक म्हणायचे, हेर्दिस म्हातारीचं डोकं फिरलं, कॉम्प्युटरमधल्या बाहुलीसाठी भांडायला लागली. ती ‘नववा चंद्र’ नावाच्या एका गेममधली बाई आहे. दूरच्या एका चंद्रावर बर्फाच्या थरावर माणसांनी तळ बांधलेला असतो. एक दिवस तो बर्फ फुटतो आणि अर्धा तळ खालच्या काळ्या समुद्रात जातो. बेचाळीस माणसं जातात. खेळणारा तिथे वर्षभराने पोचतो आणि उरलेल्या खोल्यांतून फिरत, काय झालं ते शोधत बसतो.

वेलिनची त्यात एकच खोली आहे. दर सहा तासांनी बर्फाची जाडी मोजायची आणि वहीत लिहायची, एवढंच तिचं काम. बाकीचे लोक अवकाशयानं उडवतात, बंदुका चालवतात, एकमेकांच्या बायका पळवतात. ही मोजते. सगळा मिळून अकरा मिनिटं तिचा आवाज ऐकू येतो. खेळणारे बहुतेक लोक तिच्या खोलीतून बॅटरी उचलतात आणि पुढे जातात.

माझी नात स्वावा पुढे गेली नाही. ती दोन हिवाळ्यांपूर्वी राजधानीतलं कॉलेज सोडून माझ्याकडे आली, खोलीचं दार लावलं आणि बसली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जेवायला हाक मारली तर येई, ताटातला बटाटा इकडून तिकडे ढकली आणि परत आत. आतून त्या गेमचा आवाज यायचा. एकदा मी विणकाम घेऊन सरळ आत गेले, खुर्ची ओढली आणि म्हटलं, “खेळ तू. मला नुसतं पाहायचंय, एवढं काय आहे त्यात.”

तेव्हा मी वेलिनला पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर जुनी नोंद चालू होती. पन्नाशीची बाई, केस कसेतरी बांधलेले. ती मोजणीच्या यंत्राकडे गेली, बाहीने काच पुसली, गुडघे वाकवून डोळा बरोबर आकड्याच्या रेषेत आणला आणि श्वास रोखून वाचलं. मग लिहिलं. मग पुन्हा वाकून पाहिलं.

माझी सुई थांबली. कारण काच पुसायची, वाकायचं आणि श्वास रोखायचा, हे कुणी शिकवून येत नाही. तोंडाची वाफ काचेवर बसली की आकडा बुडतो, हे ज्याने थंडीत हजारदा वाचलंय त्यालाच कळतं. हा गेम ज्यांनी बनवला, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरात मोजणारं माणूस असणार.

“ही कोण गं?” मी विचारलं.

“कुणी नाही,” स्वावा म्हणाली. “डॉक्टर वेलिन. बारकी आहे.”

“बारकी नाही ती,” मी म्हटलं. “परत लाव.”

तिने परत लावलं. नंतर कित्येक संध्याकाळी आम्ही दोघी वेलिनपाशी बसलो. तिचं एक वाक्य आहे. वरचा अधिकारी, म्हणजे तळाचा कमांडर, चिडून विचारतो, बर्फ टिकेल की नाही ते सांग. ती म्हणते, “मी पाहिलं तेवढं सांगते. न पाहिलेलं तू सांग, तुझा हुद्दा मोठा आहे.” या वाक्याला आम्ही दर वेळी हसायचो. वसंतात स्वावा उठली आणि फ्योर्डातल्या, म्हणजे आमच्या चिंचोळ्या खाडीतल्या, माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला लागली. पाण्यातला प्राणवायू मोजायचा, दिवसातून चारदा. मी तिला हातमोजे विणून दिले, बोटांची टोकं उघडी ठेवून, म्हणजे पेन धरता येतं.

मी स्वतः काही शिकलेली बाई नाही. माझी शाळा म्हणजे फिरता मास्तर. हिवाळ्यात सहा आठवडे तो आमच्या घरी मुक्कामाला असायचा, मग पुढच्या शेतावर. असे चार हिवाळे. अक्षर आलं, आकडे आले, एवढंच. पण लग्न होऊन सेल्विकच्या शेतावर गेले तेव्हा तिथल्या अंगणापलीकडे हवामानाच्या ऑफिसची पांढरी जाळीदार पेटी होती, आत थर्मामीटर. आधी ते काम सासरे करायचे. त्यांचे डोळे गेले आणि काम माझ्याकडे आलं. दिवसातून तीनदा पेटीपाशी जायचं, वाचायचं, लिहायचं, महिन्याला वही टपालात टाकायची. अडतीस वर्षं केलं. बाळंतपणं केली, मेंढ्या पाहिल्या, नवरा समुद्रावर असताना घर पाहिलं, आणि हेही. एवढी वर्षं झाली तरी या फ्योर्डात अजून म्हणतात, हेर्दिसने एकही नोंद चुकवली नाही. मी ते कुणाला म्हणायला सांगितलं नव्हतं. नाकारलंही नव्हतं.

आता त्या शनिवारचं सांगते.

आमच्या गावात जे काही ठरतं ते पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात ठरतं. बंदराचा धक्का कुठे बांधायचा इथपासून पाद्र्याची बायको का गेली इथपर्यंत. चाळीस अंशांचं पाणी मानेपर्यंत, वरून गारांचा मारा, आणि तोंडं मोकळी. गावात ‘नववा चंद्र’चे चाहते चार, आणि तेही शनिवारी अकराला तिथेच भेटतात. एक स्वावा. दुसरा बार्दुर, शाळेत गणित शिकवतो. हुशार आहे, आणि ते त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. तिसरा कोल्बेन, मासळीचा ट्रक चालवतो, साठीला आलाय, त्या गेमबद्दल कुणापेक्षा जास्त तक्रारी करतो आणि कुणापेक्षा जास्त खेळतो. चौथी मी. मी खेळत नाही, पण त्या कुंडात त्या वेळेला मी वीस वर्षं बसते आहे. ते माझ्या कुंडात आले, मी त्यांच्यात गेले नाही.

त्या दिवशी बार्दुरने प्लॅस्टिकमध्ये पक्का करून आणलेला एक कागद पाण्यावर तरंगत सोडला. वेलिनच्या वहीतले आकडे होते.

“बारापर्यंत पत्र गेलं पाहिजे,” तो म्हणाला. “नंतर कुरकुर नको.”

गोष्ट अशी होती. गेम बनवणाऱ्यांनी दुसरा भाग काढायला घेतला होता. त्यांनी देशोदेशीच्या चाहत्यांना विचारलं, बारक्या पात्रांपैकी कुणाला परत आणू, आणि ते माणूस तुमच्या मते कसं होतं ते एका पानात लिहा. उत्तरेकडच्या सगळ्या गटांनी वेलिन निवडली. आणि पान लिहायचं काम आमच्या बार्दुरकडे आलं, कारण तिच्याबद्दलचं सगळं इंटरनेटवर चार वर्षं तोच जमवतोय. तो जे लिहील ती वेलिन. पुढच्या भागात लाखो लोक तीच पाहणार.

बार्दुरने लिहिलं होतं की तळ वेलिनने बुडवला.

“बुडवला म्हणजे हातोडा घेऊन नाही,” तो म्हणाला. “गप्प राहून. मी परत समजावतो.”

“नको,” कोल्बेन म्हणाला. “मला पाठ झालंय.”

“हेर्दिससाठी समजावतो.”

“हेर्दिसला कमी ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “पण बोल. मास्तरला बोलू दिलं नाही तर त्याचं पोट दुखतं.”

तो सांगू लागला. एक्केचाळिसाव्या दिवशी, म्हणजे बर्फ फुटला त्याच दिवशी, वेलिनच्या वहीत मध्यरात्रीचा आकडा आहे चारशे बारा. बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये. सकाळी सहाची ओळ रिकामी आहे. दुपारी बाराला आकडा तीनशे अडुसष्ट. दुपारी तिने घंटा वाजवली, धावाधाव झाली, पण वेळ उरला नव्हता. आता गंमत बघा, तो म्हणाला. कमांडरच्या दालनात एक मोठा फळा आहे. वहीतले आकडे त्या फळ्यावर उतरवले जातात. फळ्यावर सकाळी सहाचा आकडा आहे. तीनशे नव्वद.

“म्हणजे सकाळी मोजणी झाली होती,” बार्दुर म्हणाला. “एका रात्रीत बर्फ बावीस सेंटिमीटर उतरला, हे तिला सहालाच कळलं होतं. ती सहा तास गप्प बसली. मग घाबरून वहीतली ओळ खोडून टाकली. फळा तिच्या हाताबाहेर होता, तो राहिला. सहा तासांत बेचाळीस माणसं बाहेर निघाली असती.”

“ती खोडणार नाही,” स्वावा म्हणाली.

“हा पुरावा नाही, स्वावा. हे प्रेम आहे.”

“त्या सकाळी वादळाने वीज गेली होती. ती यंत्रापाशी पोचलीच नसेल.”

“किंवा वीज नसल्याचा फायदा घेतला. अंधारात कोण बघतंय.”

स्वावाच्या मानेवर लाल चट्टे आले, ते गरम पाण्याचे नव्हते. आदल्या रात्री जेवताना ती मला म्हणाली होती, अम्मा (आजीला आमच्याकडे अम्मा म्हणतात), तिला खोटारडी ठरवून पाठवलं तर मी त्यांच्यात परत बसणार नाही. तुम्हाला वाटेल, पोरकट हट्ट. पण आमच्या गावात तिच्या वयाची माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि एक बोट शिल्लक उरतं. ती या कुंडातून उठली तर सरळ त्या खोलीत जाणार आणि दार लावणार, हे मला दिसत होतं. वेलिनने तिला बाहेर काढलं होतं. आता वेलिनच चोर ठरली तर मुलीने कुणाचा हात धरायचा?

मी कागद हाती घेतला. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब केला. “मला आधीचे वाचून दाखव,” मी स्वावाला म्हटलं. “मागचे चार-पाच.”

तिला कागद लागला नाही. “चारशे एकतीस. चारशे एकोणतीस. चारशे तेहतीस. चारशे तीस. मग चारशे बारा. मग रिकामं. मग तीनशे अडुसष्ट.”

“फळ्यावर त्या रिकाम्या जागी तीनशे नव्वद.”

“हो.”

मी डोळे मिटले. गारा टाळूवर टकटक करत होत्या. बेरीज-वजाबाकी मी मनात करते, मास्तरने तशीच शिकवली. चारशे बारा आणि तीनशे अडुसष्ट. त्यांच्या बरोबर मधोमध किती?

“बार्दुर,” मी म्हटलं, “चारशे बारातून बावीस गेले की किती?”

“तीनशे नव्वद.”

“आणि त्यातून परत बावीस गेले की?”

तो क्षणभर थांबला. “तीनशे अडुसष्ट.”

“बर्फ तुझ्या शाळेत शिकला होता का?”

कोल्बेनला हसू आलं आणि त्याच्या नाकात पाणी गेलं. तो खोकत राहिला. मी पुढे म्हटलं, “खरा आकडा बघ. चारशे एकतीस, एकोणतीस, तेहतीस. खाली जातो, वर येतो, त्याला कुणाची पर्वा नसते. आणि हा तीनशे नव्वद बघ, इस्त्री केल्यासारखा. हा मोजलेला नाही. हा कुणीतरी अलीकडचा आणि पलीकडचा धरून मध्ये बसवलाय. आणि पलीकडचा धरायला तो आधी माहीत पाहिजे. म्हणजे हा सकाळी सहाला लिहिलेलाच नाही. दुपारी बारानंतर लिहिलाय.”

स्वावा माझ्याकडे बघत राहिली.

बार्दुर सहजी हरणारा नाही, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर मुलांना गणित कोण शिकवणार. तो म्हणाला, “योगायोग असू शकतो. कधीकधी खरा आकडाही मधोमध पडतो.”

“पडतो.”

“मग?”

“मग काही नाही. मला हा वास ओळखीचा आहे.”

“वास,” तो म्हणाला. “हेर्दिस, मी तुझा मान ठेवून बोलतो. अडतीस वर्षांत तू एक नोंद चुकवली नाहीस, अख्खा फ्योर्ड सांगतो. मग जिने कधी खोटा आकडा लिहिलाच नाही, तिला खोट्या आकड्याचा वास कुठून कळणार? मासा न खाल्लेल्याने काट्याची गोष्ट सांगू नये.”

त्याने हे चेष्टेने म्हटलं. कोल्बेनही हसला, मान हलवली, म्हणजे हे बरोबर आहे असं. आणि खरंच बरोबर होतं. मला तिथे थांबता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, म्हाताऱ्या बायकांना सगळं कळतं. मान माझ्यापाशी राहिला असता, आणि बाराला पत्र गेलं असतं.

“मी खाल्लाय मासा,” मी म्हटलं. “काट्यासकट.”

मग सांगितलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काम माझ्याकडे आल्याचं ते दुसरं वर्ष होतं. मार्च महिना. नवरा बोटीवर, घरात दोन लेकरं, आणि मला ताप चढला. तीन दिवस मी उठले नाही. मोठी लेक सहा वर्षांची होती, ती धाकट्याला दूध-भाकरी द्यायची आणि माझ्या कपाळावर ओला मोजा ठेवायची. चौथ्या दिवशी उठले, भिंत धरत पेटीपाशी गेले. उणे दोन. वहीत बघितलं तर ताप यायच्या आदल्या दिवशी उणे सहा. मधले तीन दिवस कोरे.

“मला लाज वाटली,” मी म्हटलं. “सासऱ्यांनी चोवीस वर्षं केलं होतं. लोक म्हणणार, सून आली नि वही भोकं पडलेली चाळण झाली. म्हणून मी बसले आणि मांडले. उणे पाच, उणे चार, उणे तीन. सुरेख उतरली शिडी. तीन वेळांचे आकडे, सकाळ-दुपार-रात्र, थोडं इकडे-तिकडे केलं म्हणजे खरं वाटेल. वही टपालात टाकली.”

“आणि?” स्वावाने विचारलं.

“आणि त्या मधल्या दिवशी अख्ख्या उत्तर किनाऱ्यावर बर्फ वितळला होता. अधिक चार. दणकून पाऊस. शेजारच्या प्रत्येक ठिकाणच्या वहीत तो लिहिलेला होता, फक्त माझ्या सेल्विकला उणे चार आणि कोरडं. मला तापात छपराचं टपटप ऐकू येत होतं, पण वाटलं ते माझ्या डोक्यातच चाललंय.”

कोल्बेन आता हसत नव्हता.

“ऑफिसातून पत्र आलं. रागाचं नव्हतं, तेच वाईट. लिहिलं होतं की तुम्ही आजारी असाल तर ओळ रिकामी ठेवा. रिकामी ओळ आम्हाला सांगते की इथे कुणी पाहिलं नाही. ती माहितीच आहे. भरलेली ओळ आम्हाला फसवते, आणि मग तुमच्या बाकीच्या सगळ्या ओळींवरही आम्ही विश्वास कसा ठेवायचा? त्यांनी ते तीन दिवस त्यांच्या वहीतून काढून टाकले. मी ते पत्र चुलीत घातलं. त्यानंतर चार वेळा मला पेटीपाशी जाता आलं नाही, दोनदा वादळात, दोनदा बाळंतपणात. चारही वेळा ओळ रिकामी ठेवली. म्हणजे मी नोंदी चुकवल्या, बार्दुर. लोक म्हणतात ते खोटं आहे, आणि मी ते म्हणू दिलं.”

शेजारच्या थंड तलावात कुणाचं तरी मूल पायरीवरून उड्या मारत होतं.

“वेलिन माझ्यापेक्षा मोठी,” मी म्हटलं. “मला हे पत्र आल्यावर कळलं, तिला आधीच कळत होतं. कमांडर तिच्या उरावर बसलेला, सगळे विचारतायत बर्फ टिकेल का, आणि तिने ती ओळ उघडी ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी. लपवणाऱ्याला भोक परवडत नाही. लपवणारा भरतो.”

बार्दुरने कागद पुन्हा हाती घेतला. तो आता भांडत नव्हता, मोजत होता, मला त्याच्या ओठांवरून कळत होतं. “एका जागेवरून सिद्ध होत नाही,” तो हळूच म्हणाला.

“मग दुसरी बघ. ज्याला ही सवय लागते तो एकदाच करत नाही. मी तीन दिवस केलं. तिच्या वहीत आणखी कुठे रिकामं आहे?”

“एकोणिसाव्या दिवशी,” स्वावा म्हणाली. “यंत्र दुरुस्तीला होतं. दोन ओळी.” ती आता गुडघ्यांवर उठली होती, खांदे पाण्याबाहेर, थंडीचं भान नाही. “त्याबद्दल कधी कुणी बोललंच नाही, कारण तेव्हा बर्फ चांगला होता. आधी चारशे बावन्न. नंतर चारशे सेहेचाळीस.”

“आणि फळ्यावर?”

“मी फळ्याचे ते आकडे पाठ केले नाहीत. मला फळा आवडत नाही.”

कोल्बेनने घसा साफ केला. “चारशे पन्नास आणि चारशे अठ्ठेचाळीस,” तो म्हणाला. आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. “काय बघताय. दालनातून पुढे जायचं दार उघडायला फळ्यावरचा एक आकडा दाबावा लागतो. मला अकरा वेळा मरावं लागलं तिथे.”

बावन्न, पन्नास, अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस. बार्दुरने ते मोठ्याने म्हटलं, शाळेत पाढे म्हणतात तसं. शेवटचा आकडा म्हणताना त्याचा आवाज उतरला. मग तो नाकापर्यंत पाण्यात गेला आणि तिथेच राहिला. मी त्याला तिथे राहू दिलं. चार वर्षं जमवलेलं घर एका बाजूने सरकलं की माणसाला थोडा वेळ पाण्याखाली लागतो.

वर आल्यावर तो म्हणाला, “दालनात शिरायला कमांडरचं कार्ड लागतं. वेलिनकडे ते नव्हतं.”

“नव्हतं,” स्वावा म्हणाली.

“म्हणजे फळा कमांडरने भरला. तळाच्या तपासणीला येणाऱ्या वरच्या लोकांना सगळं पूर्ण दिसावं म्हणून. आणि बर्फ फुटायच्या आधीसुद्धा त्याने वेळ त्यात घालवला.”

“ते तू शोध,” मी म्हटलं. “मला कमांडरशी कर्तव्य नाही. मला त्या बाईचं नाव स्वच्छ पाहिजे.”

साडेअकरा झाले होते. आम्ही कपडे बदलून तलावाच्या दाराशी असलेल्या टेबलापाशी बसलो. केस ओले, कॉफी पातळ, आणि बार्दुर फोनवर दोन अंगठ्यांनी लिहितोय. त्याने आधीचं सगळं पान पुसलं. पहिलंच वाक्य वाचून दाखवलं: डॉक्टर इदा वेलिनने जे पाहिलं नाही ते लिहिलं नाही.

स्वावाने कपाच्या कडेवर बोट फिरवलं आणि काही बोलली नाही. ती खूश असली की गप्प होते, हे तिने माझ्याकडून घेतलंय.

मग त्याने आकडे मांडले, दोन्ही दिवसांचे. आणि थांबला. “गेम बनवणारे विचारतील, रिकामी ओळ म्हणजे प्रामाणिकपणा, हे तुम्ही कशावरून म्हणता. मी लिहितो की आमच्या इथे एक हवामान-निरीक्षक आहे, अडतीस वर्षं एकही नोंद न चुकवता…” त्याचे अंगठे अडखळले. त्याने माझ्याकडे बघितलं. “बाकीचं लिहायची गरज नाही, हेर्दिस. ते कुंडातलं कुंडात राहील. आमच्यापैकी कुणी बाहेर बोलणार नाही.”

कोल्बेनने मान डोलावली. तो बोलणारच होता, सोमवारपर्यंत तीन गावांत जाणार होतं ते त्याच्या ट्रकबरोबर. पण त्या क्षणी त्याचा इरादा चांगला होता.

खरं सांगते, मला मोह झाला. एकोणऐंशी वर्षांच्या बाईकडे आणखी असतं काय. रस्त्यावरून गेलं की लोक म्हणतात, ही ती, सेल्विकची. ते ऐकायला मला आवडतं. दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी माझ्याबद्दल चांगलं वाचलं असतं आणि माझं काय बिघडलं असतं?

पण ते पत्र वेलिनसाठी होतं. तिच्या पत्रात मी भरलेली ओळ घालायची?

“पूर्ण लिही,” मी म्हटलं. “हेर्दिस, एयोल्फुरची मुलगी, सेल्विकची. दुसऱ्या वर्षी तीन दिवस खोटे भरले आणि पकडली गेली. नंतर चार वेळा रिकामं सोडलं. म्हणून तिला दोन्ही ओळखता येतात.”

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं: सुमारे तीन दिवस.

“सुमारे काढ.”

त्याने काढलं. मग फोन स्वावाच्या हातात दिला. “तू पाठव,” तो म्हणाला. “तू बरोबर होतीस. पुरावा नव्हता तुझ्याकडे, पण बरोबर होतीस.”

“पुरावा अम्माकडे होता,” स्वावा म्हणाली. “चुलीत घातला होता.”

तिने पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचलं. मग पाठवलं. बाराला नऊ मिनिटं होती. त्यानंतर तिने आणि बार्दुरने कमांडरवरून भांडायला सुरुवात केली. घाबरट होता की बदमाश, तपासणी कधी होती, फळ्यावरचं अक्षर कुणाचं. कोल्बेनने मध्येच आपलं अकरा वेळा मेल्याचं सांगायला घेतलं, आणि कुणी त्याचं ऐकेना. मी दुसरी कॉफी आणायला उठले, तेव्हा स्वावा आवाज चढवून म्हणत होती, “थांब, तू आधी सगळा फळा लिहून काढ, पुढच्या शनिवारी बघू.”